एक जूनला जन्मलेली

आमच्या बिडकीनच्या शाळेत निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनला असतो. ही करामत माझी. पहिलीत नाव घालायला आलेल्या आयांना मी जन्मतारीख विचारायचो. कुणी म्हणायची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणी म्हणायची रमजान लागून चार दिवस झाले होते. मी मान डोलवायचो आणि एक जून लिहायचो. जमलं तर वयही वर्षभरानं कमी करायचो. पोराला पुढं सरकारी नोकरी लागलीच तर एक वर्ष जास्त मिळेल, एवढाच उदात्त हेतू. माझ्या गुरुजींनी माझ्यासाठी हेच केलं होतं, म्हणून तर मी अजून नोकरीत होतो.

कोरोनाची लस शाळेत आली, ती पंधराच्या पुढच्या मुलांसाठी आणि गावातल्या मोठ्या माणसांसाठी. चित्रकलेच्या वर्गात टोचायचं, शेजारच्या वर्गात अर्धा तास बसवायचं. मी दारात रजिस्टर घेऊन बसलो होतो आणि फार खुशीत होतो.

आठवीतली एक मुलगी आईला घेऊन आली. तिचे वडील डायलिसिसवर होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात ज्यानं लस घेतली तोच त्यांच्या खोलीत जाईल. आई आत जायची. मुलगी उंबऱ्यावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची.

नर्सबाईंनी आधार कार्ड पाहिलं. "हिचं वय बसत नाही. वर्ष कमी पडतंय."

"पंधरा कवाच झाले, बाई," आई म्हणाली. "उशिरा घातली हिला शाळेत. सरांना विचारा."

सरांनी, म्हणजे मी, रजिस्टरात डोकं घातलं. आधार कार्ड शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं, आणि दाखला माझ्या हातचा. माझं अक्षर वळणदार आहे, लोक कौतुक करतात.

"सर, तुम्हीच एक साल कमी केलं नाय का? पेढे दिले होते मी तुम्हाला."

तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त आठवण करून देत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नर्सबाईंना म्हणालो, हवं तर मी लिहून देतो.

"सर, तुम्ही आधीच लिहून दिलंय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मुलगी आईबरोबर घरी गेली.

बारा वर्षांपुढच्या मुलांना लस खुली होऊन तिच्या सालाची पाळी यायला अडीच महिने लागले. रोज हजेरी घेताना तिच्या नावाशी मी मान वर करायचो नाही. शेवटी ठरवलं, तारीख दुरुस्त करून द्यायची. चूक कबूल करून अर्ज लिहिला. अक्षर या वेळी तितकं चांगलं आलं नाही.

दुसऱ्या शिबिराला वडील स्वतः आले. मास्क लावून गेटबाहेर रिक्षात बसून राहिले. मुलगी आत गेल्यावर मी सहीसाठी त्यांच्या हातात अर्ज दिला आणि शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. त्यांनी तो सावकाश वाचला, चार घड्या घातल्या आणि मला परत दिला.

"राहू द्या सर. एक साल जादा मिळतंय तर मिळू द्या तिला," ते म्हणाले. "मी नसलो तर तेच कामाला येईल."

मुलगी दंडावर कापूस दाबत बाहेर आली. रिक्षात चढली आणि वडिलांना खेटून बसली.