साळुंखे ड्रायव्हर

उभ्या गाडीचं स्टिअरिंग कुणी पिळताना दिसलं, की साळुंखे तोंडात आंबलेलं काही आल्यासारखं तोंड करत. दोन हजार पाचच्या सुमारास मी बदलीवर जयपूरला आलो, तेव्हा झालानातल्या आमच्या सरकारी कार्यालयातला बोअरिंगचा ट्रक तेच चालवायचे. पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं तो आवारात वळवून पाहिला. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं आणि तसंच आवळून धरलं. ते खिडकीशी आले. "जरा मागं सोडा साहेब. स्टिअरिंगचा पंप बोंबलतोय, ऐकू येत न्हाई?" बोनेटखालून खरंच घरघर येत होती.

ते मूळचे साताऱ्याकडचे. अर्धं आयुष्य राजस्थानात काढूनही बोली तीच, फक्त मधेच 'मतलब' घुसायचा. वाळूत शिरण्याआधी ते टायरमधली थोडी हवा सोडत, अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेवत आणि गाडी चालती असतानाच वळवत. "वाळूशी मारामारी करायची न्हाई. रुतली तर आपल्याच चाकोरीनं मागं यायचं," ते सांगत. रेटून गाडी चालवणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता, पण त्याहून जास्त चीड कार्यालयाच्या बेपर्वाईची. एकदा त्यांनी स्टिअरिंगच्या तेलात बुडवलेलं बोट माझ्यापुढे धरलं. तेल काळंकुट्ट, जळक्या वासाचं, त्यात धातूची बारीक पूड चमकत होती. "पंप सोताला खातोय. मतलब, कधी पण जाईल." नव्या पंपासाठी त्यांनी तीन अर्ज दिले. तिन्ही माझ्या टेबलावरून वर गेले आणि वरच राहिले.

मग चाकसूपलीकडे एका कोरड्या नदीपात्रात काम निघालं. साळुंख्यांनी ट्रक अलगद आत नेला. परतताना तो रुतला आणि सोबत आलेल्या मोठ्या साहेबांचा धीर सुटला. "हटो, मैं निकालता हूँ," म्हणत त्यांनी साळुंख्यांना खाली उतरवलं. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं खड्डा खणत राहिली. पंप किंचाळला आणि एकदम गप्प झाला. तेवढ्यात गाडी उसळून वाळूत दडलेल्या दगडावर आदळली, स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरलं आणि साहेबांचा अंगठा मोडला.

अहवालात कारण लिहिलं गेलं, 'चालकाने गाडीची देखभाल केली नाही.' अर्जांचा उल्लेखही नव्हता. साक्षीदार म्हणून मी सही केली. माझी बढती तोंडावर होती. साळुंख्यांकडून ट्रक काढून घेतला आणि त्यांना फायली पोचवायच्या कामाला लावलं. वर्षभरानं ते निवृत्त झाले. निरोपाचा हार त्यांनी घेतला नाही.

जयपूर सोडण्याआधी मी आदर्श नगरमधल्या त्यांच्या घरी गेलो. माफीचं बोलणं मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मोठ्या साहेबाला गाडी कळत नव्हती," ते म्हणाले. "तुम्हाला मी समजावलं हुतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान फिरवली, उघड्या गटाराजवळून जाताना माणूस फिरवतो तशी. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली.

"घ्या," ते म्हणाले. "आन् परत येऊ नका."

तो चहा मी निमूटपणे संपवला. अर्धा सोडून उठण्याइतकीही लाज माझ्यात नव्हती.