कानपिळीचा कन्सोल

परवा लासूर स्टेशनला ताईच्या सासरी गेलो होतो. सोबत गेमिंग कन्सोल नेला होता… आणि परत आल्यापासून डोकं इतकं भणभणतंय की शेवटी इथे लिहायला बसलो.

हा कन्सोल मला ताईच्या लग्नात कानपिळीला मिळाला. नवरदेवाचा कान पिळायचा आणि भेट उकळायची, हा नवरीच्या भावाचा हक्क. दाजींनी आधीच विचारलं होतं, काय पाहिजे ते बिनधास्त सांगा, नुसत्या कपड्यांवर भागवणार नाही.

मग मी आणि ताई कामालाच लागलो. हातात धरून खेळायचे दोन कन्सोल डोक्यात होते, स्विच की स्टीम डेक? हर्सूलच्या आमच्या गच्चीत बसून रिव्ह्यू बघितले, कडाकडा भांडलो. डेक ताकदीचा, त्यावर पीसीचे गेम चालतात… पण तो एकट्याने धरून खेळायचा. स्विचचे दोन्ही बाजूंचे कंट्रोलर निघतात, एक तिच्या हातात, एक माझ्या.

"स्विचच घे सोन्या. माहेरी आल्यावर तुला हरवायला काहीतरी पाहिजे ना मला!" ताई म्हणाली. आणि मोबाइलवरच्या गेममध्ये ती हरवायचीच. मी जिथे जिथे अडकलो, ती प्रत्येक लेव्हल तिनेच पार करून दिलीय, वर माझी टर उडवत.

दाजींना स्विचच सांगितला, का तेही सांगितलं.

मांडवात कान पिळला, हशा झाला, बॉक्स हातात आला… डेक! स्विचपेक्षा महागडा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दोघांचं खेळणं कशाला पाव्हणं? तुमच्या ताईला आता कुठं टाइम भेटणार हाय! तुम्ही खेळा निवांत." दाजी म्हणाले. पुन्हा हशा. मुंडावळ्यांच्या आडून ताईसुद्धा हसली, आणि मला ते हसू खरं वाटलं.

दाजींचं बोलणं थट्टाच समजलो, म्हणून परवा ताईला खेळायला मुद्दाम कन्सोल घेऊन गेलो. दाजी त्यांच्या अडत दुकानात होते, ताई ओट्याशी. तिने हात पुसून कन्सोल घेतला आणि अंगठे आपोआप बटणांवर गेले. चेहरा असा खुलला, की क्षणभर वाटलं आम्ही गच्चीतच आहोत.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. "काय गं ते?"

"काय नाय आई, सोन्याचं हाय. चार्जिंगला लावायले."

आणि खरंच लावला. मला जेवायला वाढलं, भांडी आवरली, घरच्यांची चौकशी केली… कन्सोलकडे परत बघितलंही नाही. सासूबाई वाईट काही बोलल्या नाहीत हो. त्या घरात कुणाला ओरडावंच लागत नाही, ताईच आधी गप्प होते. याचीच मला चीड येते.

सगळे म्हणतात, नशीबवान आहेस, किती दिलदार दाजी मिळाले! चुलीत गेला तो दिलदारपणा.

येताना गाडीत कन्सोल सुरू केला. बॅटरी फुल्ल होती. एवढ्या भारी कन्सोलचं माझ्या ताईला काय करता आलं… तर चार्जिंग.