रस्त्याखालच्या मोरीत

रुग्णालयाच्या धुलाईखात्यात वहिनींची सव्वीस वर्षं गेली. तिथे त्यांना सगळेच वहिनी म्हणत, खात्याचे साहेबसुद्धा. तळघरातली लांबलचक खोली. एका भिंतीला कपडे धुण्याची मोठाली यंत्रं, दुसऱ्या भिंतीला वाफेचे नळ आणि मधोमध चादरी इस्त्री करणारं रुळांचं यंत्र. ओली चादर दोघींनी कोपऱ्यांना धरून रुळांत सोडायची, पलीकडे दोघींनी झेलून तिची घडी घालायची. बाहेर कितीही थंडी असो, आत कपडे अंगाला चिकटलेलेच. नवी बाई आली की पहिल्या आठवड्यात रडायची, दुसऱ्या आठवड्यात भांडायची आणि तिसऱ्या आठवड्यात एक तर सोडून जायची, नाहीतर गाणं म्हणायला लागायची. वहिनी गाणं म्हणणाऱ्यांतल्या.

सायकलही त्यांना या नोकरीनेच चिकटवली. पाळी पहाटे साडेपाचला सुरू व्हायची आणि पहिली बस सहानंतरची. घरापासून अकरा किलोमीटर. मग काय करणार? त्यांच्या लेखी सायकल म्हणजे छत्रीसारखी कामाची वस्तू. तिचा कुणी छंद करतं, हे त्यांना नणंदेकडे बघूनच कळलं होतं.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, वन्सं. जन्मभर मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बोलताना समोर शंभर मुली रांगेत उभ्या आहेत असाच आवाज. दरवर्षी एका मैत्रिणीबरोबर त्या सायकलवरून लांबच्या प्रवासाला जात. यंदा मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि एका रविवारी दुपारी वन्सं भावाच्या घरी येऊन थडकल्या.

"वहिनी, रोज किती चालवतेस तू?"

"मोजलं नाही कधी. जाऊन-येऊन बावीस होत असतील."

"मग झालं तर! आठ दिवसांची रजा टाक."

वहिनींचे यजमान खिडकीशी कुणाचं तरी शिवणयंत्र उघडून बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "परत याल तेव्हा एकमेकींशी बोलत असलात म्हणजे मिळवलं."

वहिनींनी हो का म्हटलं, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. वन्संना नाही म्हणायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे वन्संनी टेबलावर नकाशा पसरला, तेव्हा डोंगरातून जाणारा रस्ता उसवलेल्या दोऱ्यासारखा वेटोळी घेत गेलेला दिसला. सव्वीस वर्षं तळघरात काढलेल्या बाईला तो दोरा कुठे जातो ते बघावंसं वाटलं, एवढंच.

पहिले दोन दिवस बरे गेले. वन्सं पुढे, वहिनी मागे. वहिनींच्या सामानात पाण्याच्या दोन जास्तीच्या बाटल्या आणि खात्यातून रद्द झालेली एक जुनी चादर होती. "डोंगर चढायचाय की बिऱ्हाड थाटायचंय?" वन्संनी विचारलं होतं. वहिनींनी बाटल्या तशाच राहू दिल्या.

तिसरा दिवस घाटाचा. बत्तीस किलोमीटर, सगळा चढ. पहाटे पाचला निघून उन्हं तापायच्या आत खिंड गाठायची, असं वन्संचं वेळापत्रक. पण पाचव्याच किलोमीटरला वन्संच्या मागच्या चाकात काटा घुसला. ट्यूब बदलली, तीही फुसकी निघाली. मग पहिलीलाच ठिगळ लावावं लागलं. यात दीड तास गेला. वन्संनी हात पुसले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "भरून काढू."

"ऊन भरून निघत नाही, वन्सं. दुपारी कुठे सावलीला थांबूया की."

"सावली खिंडीत आहे. चल."

रस्ता राखणाऱ्या मैलकुल्यांच्या ठाण्यापाशी, निम्म्या वाटेवर, पाण्याचा नळ होता म्हणे. दहा वाजता तिथे पोचल्या तर खोलीला कुलूप आणि नळ कोरडा. तोटी फिरवली तर आतून नुसता वाऱ्याचा सुस्कारा आला. वन्संची एकच अर्धी बाटली उरली होती. वहिनींनी आपली एक भरलेली बाटली पुढे केली, तर म्हणाल्या, "तुझी तुला राहू दे. मला सवय आहे." आणि गेल्या पुढे.

आता खरा चढ लागला. एका बाजूला भाजलेल्या विटेच्या रंगाचा कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दोन्हींकडून ऊन. डांबर मऊ पडलं होतं. चाक सुटताना चर्र आवाज येई. झाडं होती, पण नावाला. वहिनींनी सगळ्यांत हलका गिअर टाकला आणि रुळांवर चादर सोडतात त्या चालीने पाय मारायला लागल्या. घाई केली की चादर चुरगळते, थांबलं की करपते. दर वळणाला थांबून त्या दोन घोट पाणी पीत, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवत आणि पुन्हा निघत. वन्संचा पिवळा शर्ट वरच्या वळणावर दिसे आणि नाहीसा होई.

साडेअकराच्या सुमाराला तो शर्ट वरच्या वळणावर दिसेना. वहिनी वळण ओलांडून वर आल्या तर वन्सं अगदी जवळच होत्या. सायकल हातात धरून रस्त्याच्या मधोमध चालत होत्या, पण सरळ नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"वन्सं, अहो कडेने चला!"

वन्संनी वळून पाहिलं. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे. "मागच्या रांगेतल्या मुली अजून आल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "कोण कोण मागे राहिलंय?"

वहिनींनी सायकल टाकली आणि वन्संच्या मानेला हात लावला. कातडी तव्यासारखी तापलेली आणि घामाचा टिपूस नाही. हे त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. खात्यातली एक चांगली धडधाकट बाई एकच चादर तीनदा घडी करून तीनदा उलगडत होती. सगळ्यांना आधी गंमत वाटली. चौथ्या घडीला ती कोसळली आणि महिनाभर अंथरुणाला खिळली.

"खाली बसा."

"वेळ नाही. तू मला शिकवू नकोस. मी तीस वर्षं—"

"अगं बस म्हणते ना खाली!"

वन्सं गपकन थांबल्या. लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी नणंदेला कधी एकेरी हाक मारली नव्हती. आवाजही असा की रुळांच्या घरघरीच्या पलीकडे ऐकू जावा. वन्संनी सायकल सोडून दिली आणि भांबावून उभ्या राहिल्या.

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. झाड नाही, भिंत नाही. पण वीस पावलांवर रस्त्याखालून पावसाचं पाणी जायला बांधलेली मोरी होती, वाकून आत शिरता येईल एवढी. वन्संना काखेत धरून त्यांनी उतारावरून खाली उतरवलं. आत सावली होती, तळाला गार वाळू, आणि या तोंडाकडून त्या तोंडाकडे वारा वाहत होता. वन्संना वाळूवर निजवून वहिनींनी त्यांचे बूट काढले, शर्टाची बटणं सोडली आणि वर जाऊन चादर आणि बाटल्या आणल्या.

सव्वादोन बाटल्या पाणी होतं. वहिनींनी सव्वा बाटली प्यायला ठेवली आणि एक चादरीवर ओतली, निथळणार नाही पण कोपरान्‌कोपरा भिजेल अशी. ती वन्संच्या अंगावर पसरली आणि नकाशाची घडी करून वारा घालायला लागल्या. चादर दहा मिनिटांत कोमट व्हायची. मग ती उचलून वाऱ्यावर झटकायची आणि पुन्हा घालायची. मानेखाली आणि काखेत ओले रुमाल. मध्येच साखर-मीठ घातलेल्या पाण्याचा एकेक घोट.

"पुरे गं," वन्सं पुटपुटल्या.

"पुरे मी सांगेन."

अर्ध्या तासाने वन्संच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले. वहिनींना इतका आनंद झाला की त्यांना रडूच फुटलं. पण रडायला फुरसत नव्हती. पाणी संपत आलं होतं आणि फोनला तिथे रेंजच नव्हती. वन्संच्या हातात नकाशा देऊन "घाला स्वतःला वारा" असं बजावून त्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या.

एक मोटार थांबली नाही. दुसरीतल्या लोकांनी हात हलवला. त्यांना वाटलं ही बाई मजेत आहे. मग वरून घरघर करत एक टँकर आला. वहिनी दोन्ही हात पसरून सरळ त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या.

चालक खाली उतरला. पोट सुटलेला, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला माणूस. "मरायचं असेल तर दरी त्या बाजूला आहे, ताई!"

"पाणी हवंय. नणंदेला ऊन लागलंय. मोरीत निजवलीय."

माणूस एकदम मवाळ झाला. खाली रस्त्याच्या कामाला तो पाणी घेऊन चालला होता. पाणी खिंडीतल्या झऱ्याचं. बादलीत हात घातला तर बोटं गारठली. दोन बादल्या त्याने स्वतः मोरीत आणून दिल्या आणि वन्संकडे पाहून म्हणाला, "वर खिंडीपाशी दवाखाना आहे. नर्सबाई असतात. हे पाणी पोचवून तासाभरात परत येतो. जागा एकाचीच आहे, दुसऱ्या सीटवर बॅटरी ठेवलीय. एक सायकल मागच्या शिडीला बांधता येईल."

"बॅटरी खाली ठेवली तर?" वहिनींनी विचारलं.

"खाली पाय ठेवायच्या जागेत पंप आहे, ताई. चालतं-फिरतं गॅरेज आहे ते."

तासाभरात म्हणाला होता, तो सव्वा तासाने आला. तोवर वन्संना नाव, गाव, वार सगळं नीट सांगता येत होतं. टँकरमध्ये चढताना मात्र त्या अडल्या. "तुला एकटीला इथे सोडून? छे! मीही थांबते."

"तुम्ही दवाखान्यात जा. ऊन कललं की मी येते."

"नऊ किलोमीटर चढ आहे."

"मग नऊ किलोमीटर येते."

वन्सं वहिनींकडे बघत बघत सीटवर चढून बसल्या. दार लावताना एवढंच म्हणाल्या, "पाणी भरपूर घे."

चार वाजेपर्यंत वहिनी मोरीत पाय पसरून बसून राहिल्या. उकडलेले बटाटे आणि पाव खाल्ला. चादर कोरडी झाली होती. सवयीने त्यांनी तिची चारपदरी घडी घातली आणि उशाला घेऊन थोडी डुलकीही काढली. मग निघाल्या.

कड्याची सावली आता रस्त्यावर आली होती. दगडातून अजून धग येत होती, पण ती तळघरातल्या पहाटेइतकीच, ओळखीची. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. कुणाच्या वेगाला वेग जुळवायचा नव्हता. त्यांनी आधी हळू आवाजात आणि मग मोकळ्या गळ्याने खात्यातलं गाणं म्हटलं. दोन ठिकाणी चढ फारच अंगावर आला. तिथे लाज न बाळगता उतरून सायकल ढकलली. एका वळणावर थांबून खाली पाहिलं तर सकाळपासूनचा सगळा रस्ता पायाशी पडलेला. आपण चढलो हे, असं त्या स्वतःशी मोठ्याने म्हणाल्या आणि इकडेतिकडे बघून हसल्या.

सूर्य मावळायच्या आधी त्या खिंडीत पोचल्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. वन्सं खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाइन.

"तुम्हीच का गार केलं यांना?" नर्सबाईंनी विचारलं. "अर्धा तास उशीर झाला असता तर मी इथे काही करू शकले नसते."

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.

नर्सबाई आत गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "मला अगं म्हणालीस तू."

"तेवढं मनावर घेऊ नका. घाईत गेलं तोंडातून."

"बरं केलंस. अहो म्हणाली असतीस तर मी ऐकलं नसतं." वन्संनी सलाइनची नळी सरळ केली. "भीती वाटली गं मला. मोरीत पडल्या पडल्या. कुणाला सांगू नकोस."

"मलाही वाटली," वहिनी म्हणाल्या.

दोन दिवस त्या तिथेच राहिल्या. नर्सबाईंच्या मागच्या अंगणात दोरीवर चादरींचा ढीग होता; वहिनींना राहवेना, त्यांनी सगळ्या घड्या घालून कपाटात रचून दिल्या. वन्संनी पहिल्या दिवशी झोप काढली आणि दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना पाठीचे व्यायाम शिकवले. पुढचे तीन मुक्काम गाळायचे आणि पायथ्याच्या गावातून बसने घरी जायचं, असं दोघींनी मिळून ठरवलं.

तिसऱ्या पहाटे उजाडायच्या सुमाराला त्या उतरायला लागल्या. चढाला न घाबरलेल्या वहिनी उताराला मात्र जाम घाबरल्या. ब्रेक दाबून दाबून त्यांची बोटं वळेनाशी झाली. वन्सं वाऱ्यासारख्या जाऊ शकल्या असत्या, पण त्या शेजारून, बाहेरच्या अंगाने चालवत राहिल्या आणि सांगत राहिल्या, "दोन्ही ब्रेक एकदम नको. आधी मागचा. हां. आता सोड. सोड गं, काही होत नाही." खाली पोचायला त्यांना तीन तास लागले.