पत्रेवाल्या मामांचा पाहुणा

पत्र्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं हातोडा चालवून मामा घरी बसले, आणि चौथ्याच दिवशी त्यांना घर खायला उठलं. कुत्रा पाळावा असं फार वर्षांपासून मनात होतं, पण खिसा बेताचा. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात फुकट मिळतो असं कळल्यावर मामा तडक तिथे जाऊन थडकले.

निवारा चालवणाऱ्या बाईंनी कोपऱ्यातला तपकिरी कुत्रा दाखवला. "हा दोन घरांतून परत आलाय. कुणाचं म्हणून ऐकत नाही. महिनाभर न्या, मग मी घरी येऊन बघेन. पण या वेळी परत आला, तर पुन्हा कुणाला देणार नाही. जन्मभर इथंच राहील."

मामांनी त्याला घरी आणलं. "दोघांनी नाकारलेला बरा तुम्हालाच सापडतो," मामी म्हणाल्या, आणि महिन्याचाच सोबती म्हणून त्याचं नाव पाहुणा ठेवलं. मामांनी टाकाऊ पत्र्याचं ताट केलं, जिभेला कापू नये म्हणून कडा आत वळवली. जुन्या स्वेटरची गादी झाली. मामी तिखट घालायच्या आधीच पातेल्यातलं थोडं त्याच्यासाठी बाजूला काढू लागल्या. आता यात श्रीमंती कुठून आणायची?

आणि पाहुणा तर शहाण्यासारखा वागत होता. दोन बोटं हलवली की येई, तळहात खाली दाबला की बसे. कारखान्यात हातोड्यांच्या दणदणाटात बोलणार कोण आणि ऐकणार कोण? सगळा कारभार हातवाऱ्यांवर. मामांची ती खोड घरीही सुटली नव्हती. पाणी हवं असलं की अंगठा ओठांशी नेत. मामींनी आधी चिडून पाहिलं, मग त्याही हातानेच उत्तर देऊ लागल्या. हाक मारायची असते हेच दोघं विसरून गेले होते.

महिना भरला. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला. एवढा जीव लावल्यावर बाई घराकडे बघून नाही म्हणाल्या तर, या धास्तीने त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा फरशी पुसली.

बाई आल्या, खुर्चीवर बसल्या. पाहुणा दाराकडे तोंड करून बसला होता. बाईंनी हाक मारली. त्याची शेपटीसुद्धा हलली नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. तेवढ्यात मामींच्या हातून झाकण निसटून फरशीवर आदळलं. बाई दचकल्या, पाहुणा मात्र ढिम्म.

"अहो, हा ठार बहिरा आहे," बाई हळूच म्हणाल्या. "महिनाभरात तुमच्या लक्षात नाही आलं?"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याला आपल्या कुत्र्याचं बहिरेपण कळलं नाही, त्याच्याकडे कुत्रा कोण ठेवेल? "चुकलंच माझं," ते कसेबसे म्हणाले. "पण मला हाक मारायची वेळच आली नाही हो."

"मग बोलावता कसे?"

मामा उठून दारापाशी गेले. पाहुण्याने मान वर केली. त्यांनी दोन बोटं हलवली, तसा तो धावत आला. तळहात दाबला, बसला. बाई बघतच राहिल्या.

"दोन्ही घरांनी त्याला हट्टी ठरवलं," त्या म्हणाल्या, "आणि मीही तेच मानून बसले. बिचाऱ्याला काही ऐकूच येत नव्हतं." त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि मामांपुढे सहीसाठी ठेवला. "ठेवा त्याला. याच्यासाठी याहून चांगलं घर मला शोधूनही सापडलं नसतं. मलाही शिकवा त्या खुणा. शाबास कसं म्हणता?"

सही करता करता मामांचा हात थांबला. ये, थांब, सावकाश, पाणी, जेवणाची सुट्टी, सगळ्याला खूण होती. शाबासची नव्हती. चौतीस वर्षांत तशी खूण कुणाला लागलीच नव्हती.

"नाहीये," ते ओशाळून म्हणाले.

मामी हात पुसत मामांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांची पाठ दोनदा थोपटली. "ही," त्या बाईंना म्हणाल्या.

मामांनी सही पुरी केली. मग खाली वाकून पाहुण्याची पाठ दोनदा थोपटली.