फ्लॉपीत मावणारं काम आणि माझा भाऊ नौफल

नौफलला जाऊन आज चाळीस दिवस झाले. आत कुसकुस शिजतंय, आत्या मंडळी तो कसा फरिश्ता होता ते एकमेकींना सांगतायत. मी बाहेर पायरीवर बसून एका बोटानं हे टाइप करतेय. फरिश्ता बिरिश्ता काही नव्हता. हट्टी होता, आणि बूट काढला की घर रिकामं व्हायचं. मी त्याची मोठी बहीण, मोंजिया, मी कशाला खोटं बोलू.

तुम्ही त्याला या मासेमारांच्या फोरमवरच ओळखता. इकडे स्फाक्स शहरात, बाब जबलीच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक बाहेर उभं, आणि हा आत सॉफ्टवेअर लिहीत बसलेला. ते सॉफ्टवेअर घ्यायचं आणि आपापला फोरम, म्हणजे गप्पांचा कट्टा, उघडायचा. फुकट, आणि आतलं सगळं उघडं, कुणीही बघा, कुणीही बदल सुचवा. फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत लोकांनी घेतलं. घरी त्यातून आल्या त्या शिव्या.

शिव्या का, तर हा काही आतच घ्यायचा नाही. कुणी म्हणालं वाढदिवस दिसू देत, "प्लगइन करा." कुणी म्हणालं फोटो टाकता येऊ देत, "प्लगइन करा." प्लगइन म्हणजे बाहेरून जोडायचा तुकडा, ज्याला हवा त्यानं जोडावा. त्याचं म्हणणं, करकेन्ना बेटांवरचा माणूस होडीत बसून वारा कसा आहे विचारतो, सिग्नलची एकच काडी असते, त्याचं पान झटकन उघडलं पाहिजे. इथपर्यंत मला पटायचं. पण याचा नियम काय, तर मूळ सॉफ्टवेअर एका जुन्या फ्लॉपीत, धड एक फोटो मावत नाही अशा चकतीत, मावलं पाहिजे. जगातनं फ्लॉपी गेली, आमच्या दुकानातनं नाही गेली. दरवेळी भरून बघायचा, आणि मावलं नाही की काहीतरी कापायचा.

आणि स्वतःच्या फोरमला प्लगइन किती, तर चाळीसच्या वर. मी म्हटलं, "तू उपाशी, आणि तुझ्यामागं चाळीस माणसं डबे घेऊन. हे कसलं रे तुझं हलकं?"

"ताई, डबे त्यांचे, वजन त्यांचं."

"आणि एखादा आलाच नाही तर?"

"दुसरा कुणी येईल."

कुणी येत नाही. तेच सांगायला बसलेय.

अरबी अक्षरं उजवीकडून नीट जोडून दाखवणारं प्लगइन लसअदचं. लसअद बंदरावर बर्फाच्या कारखान्यात यंत्रं बघतो. नऊ वर्षं तो नौफलच्या मागं लागला होता, हे आत घे म्हणून. "अरे, शिव्या अरबीत देतोस, आणि अरबीलाच दाराबाहेर उभी करतोस?" नौफल म्हणायचा, "फिनलंडच्या माणसानं आपली अक्षरं का वाहायची?" शेवटी दोघं बोलेनासे झाले. ईदच्या सकाळी खारा मासा आणि कांदा-मनुकांच्या शरमूलाची ताटं इकडून तिकडे मीच पोचवायचे, गाढवासारखी.

नौफल गेला. बाराव्या दिवशी सर्व्हरवाल्यांनी त्यांच्याकडचं काहीतरी नवं केलं आणि लसअदचं प्लगइन बंद पडलं. फोरमवरची सगळी अक्षरं सुटी आणि उलटी. लोक माझ्या दारात, "लल्ला मोंजिया," इकडे थोरल्या बाईला लल्ला म्हणतात, "वाऱ्याचं काही वाचता येत नाही." दोन दिवसांत निम्मे जण फोरम सोडून गेले. आणखी आठवडा गेला असता तर नौफलचं काम त्याच्यामागोमाग मातीत.

मूळ सॉफ्टवेअरच्या पासवर्डाचा कागद माझ्याकडे होता, कारण त्याची बायको घरात कागद दिसला की फेकते. मी लसअदकडे गेले. म्हटलं, "दुरुस्त करून दे."

"देतो. पण आता बाहेर नाही, आत."

"मेलेल्या माणसाशी भांडतोस?"

"जिवंत होता तेव्हा बोलत कुठं होता."

खरं सांगते, मलाही लसअदचंच पटायचं. फक्त भावाच्या विरुद्ध जायचं नव्हतं. दिला पासवर्ड.

तीन दिवसांनी लसअद घरी आला, हातात नौफलचीच फ्लॉपी.

"मावत नाही, लल्ला."

"मग फेक ती फ्लॉपी."

"नाही फेकणार. तेवढ्या एका बाबतीत तो बरोबर होता. मी काय कापता येईल ते शोधत होतो, तर हे सापडलं."

आत जाड, मोठ्या अक्षरांचा एक अख्खा संच होता. तो एकाच माणसासाठी उघडायचा. माझ्यासाठी. पन्नाशीनंतर माझी नजर अधू झाली, आणि चष्मा मी लावत नाही, म्हातारी दिसते. मला वाटायचं फोरम सगळ्यांनाच एवढा मोठा दिसतो. एकदा तर मी तुम्हा लोकांवर डाफरले होते, एवढाली अक्षरं असून वाचता येत नाही का म्हणून. म्हणजे एवढी वर्षं फिनलंडचा माणूस माझा चष्मा वाहत होता.

"खोटारडा मेला," लसअद म्हणाला. "मला नियम सांगायचा." मग त्यानं नाक शिंकरलं, माझ्याच टॉवेलात. म्हणाला, "हे काढलं तर अरबी मावते. तुम्ही नको म्हणालात तर हात लावत नाही."

माझ्या भावानं जन्मात मला एक ओढणी आणून दिली नाही. आणि हे केलं, आणि बोलला नाही.

"काढ," मी म्हटलं. "त्याचं प्लगइन कर."

केलं त्यानं. आता अरबी आत आहे आणि मी बाहेर. होड्यांवर पुन्हा वाचता येतंय, गेलेले बरेचसे परत आलेत. माझी अक्षरं आणखी अकरा जणांनी जोडून घेतलीत, म्हणजे तुमच्यातही माझ्यासारखे अकरा आहेत आणि लाजत होते.

पण आतलं-बाहेरचं सगळं आता एकट्या लसअदच्या हातात आहे. तो एकसष्ट वर्षांचा आहे आणि दिवसाला दोन पाकिटं ओढतो. तुमच्यातल्या कुणीतरी, ज्याला हे काम कळतं, त्यानं लसअदच्या शेजारी बसून शिकून घ्यावं. दुपारच्या नमाजानंतर तो माझ्याकडेच असतो. येताना त्याच्यासाठी सिगारेट आणू नका.