ओरखडा नसलेली युद्धनौका

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एका खोलीत तीन माणसं रोज आठ तास बसली की ते आपोआप साचतात, ड्रॉवरमध्ये रबरबँड साचतात तसे. आणि साचले की वाढतातसुद्धा! आम्ही स्टुडिओत कॉम्प्युटरवर एक युद्धनौका काढलेली. माझ्या पक्क्या आठवणीप्रमाणे तिला चार तोफा होत्या. परवा केळकर सर एका मुंजीत भेटले, तेव्हा पंगतीत शेजारच्याला सांगत होते, "बारा तोफा होत्या, बारा!"

मीही मान डोलावली. रिटायर झालेल्या माणसाला आठ तोफा जास्तीच्या दिल्या तर आपलं काय जातंय?

तर हा स्टुडिओ केळकर सरांचा. वागळे इस्टेटच्या कारखान्यांमध्ये, एका लेथ वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, पॅम्फ्लेट, दिवाळीच्या आसपास कॅलेंडर, अशी कामं. माणसं मोजून तीन. एक सर. दुसरी मी, डोंबिवलीहून येणारी, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स करून नुकतीच लागलेली. आणि तिसरे नाखवाकाका, चेंदणी कोळीवाड्यातले. तीस वर्षं त्यांनी ब्रशने दुकानांच्या पाट्या आणि होड्यांवरची नावं रंगवलेली.

मला कॉम्प्युटर यायचा, चित्र येत नव्हतं. काकांना चित्र यायचं, कॉम्प्युटर येत नव्हता. सर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "दोघं मिळून मला एक आर्टिस्ट पडतो!"

हसायचे काकाही. पण पाट्यांची कामं कमी होत चाललेली, हे त्यांना दिसत होतं. एक दिवस त्यांनी सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, पुसले आणि कापडी पिशवीत बांधून खुर्चीखाली ठेवले. मी विचारलं, "काका, हे काय?"

"असू दे गो. उद्या जा बोलले तर शोधाशोध नको."

* * *

मग आले जयंतीशेठ. जहाजांना गंज लागू नये म्हणून लावतात तो रंग बनवायची त्यांची फॅक्टरी, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांना कॅलेंडर पाहिजे होतं, आणि ते "फुल कॉम्प्युटरवर काढलेलं" पाहिजे होतं. हा शब्द तेव्हा नवीन होता.

"एक मोठी युद्धनौका पाहिजे," शेठ म्हणाले. "भर समुद्रात. लढाई चालू आहे. आग पाहिजे, धूर पाहिजे, बॉम्ब पाहिजे!"

केळकर सर भराभर लिहून घेत होते.

"पण एक ध्यानात ठेवा. बोटीच्या रंगाला एक पण ओरखडा नको."

सरांचं पेन थांबलं. "शेठ, लढाईत गोळा लागला तर?"

"लागू दे ना! रंग नाही जाणार. पाच वर्षांची गॅरंटी आहे!"

सरांनी घाम पुसला आणि विचारलं, "बरं, बोट कुठल्या देशाची दाखवायची?"

शेठ दारापर्यंत पोचलेले. तिथून वळून म्हणाले, "जो देश आपला रंग घेईल, त्याची!"

* * *

काकांना माउस शिकवायची ड्युटी माझी. पहिल्या दिवशी त्यांनी बोट काढायला सुरुवात केली आणि पहिल्याच रेघेत माउस टेबलावरून खाली!

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चहाचा कप घेऊन खाली.

"काका, हात कमी हलवा ना. नुसतं मनगट."

"पोरी, होडीवर नाव लिवताना हात खांद्यापासून हलतो. मनगटानं मी फक्त सही करतो."

मी दोन दिवस त्यांच्या मनगटाच्या मागे लागले. रेघा अशा यायच्या, जशा बैलगाडीत बसून काढल्यात. तिसऱ्या दिवशी मी हरले आणि उलटं केलं. माउसचा स्पीड एकदम कमी करून टाकला, इतका की स्क्रीनवर वीतभर जायला टेबलावर दोन हात फिरवायला लागेल. कोपऱ्यातला जुना मोठा ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकला. काका उभे राहिले, पाय फाकवले, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

स्क्रीनवर बोटीची कड उमटली. एका दमात, न थरथरता. मी बघतच राहिले.

तेवढ्यात केळकर सर आत आले. काका बोर्डावर पुढेमागे हात फिरवतायत, मी बाजूला उभी. सर म्हणाले, "नाखवा, हा कॉम्प्युटर आहे. पोळ्या लाटायच्या नाहीयेत!"

"सर," काका न थांबता म्हणाले, "पोळी गोल येईपर्यंत बोलू नका."

* * *

बोट काकांची, समुद्र माझा, अशी वाटणी झालेली. मी हुशारी केली. एकच लाट मन लावून काढली आणि तिच्या तीनशे कॉप्या मारल्या. दुपारपर्यंत समुद्र तयार!

काकांनी चष्मा चढवला, खूप वेळ बघितलं. "सगल्या लाटा एकाच आईच्या दिसतात," म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवून, "तू पानी बघितलंयस कधी?"

मी म्हटलं, "चौपाटीवर गेलेय की!"

"ते भेलपुरी बघाया. पानी बघाया गेलेलीस का?"

शनिवारी सकाळी त्यांनी मला वहिनीच्या होडीत बसवलं. ही त्यांच्या मोठ्या भावाची बायको, जानकीवहिनी. नऊवारी घट्ट कासोट्याची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हात माझ्या मांडीएवढे. खाडीत कळव्याच्या बाजूला तिने होडी काढली. मी वही-पेन्सिल घेऊन पाण्याकडे टक लावून बसलेली. लाट अशी नसतेच, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. एक उठते, दुसरी तिला खाते, तिसरी उठायचा विचार करते आणि सोडून देते.

अर्धा तास झाल्यावर वहिनीला राहवलं नाही. "काय बघाया आलीस गो तू?"

"पाणी."

"पानी?" तिने वल्हं थांबवलं. "का? घरी नलाला येत नाय?"

मी डोंबिवलीची. मी खरं ते सांगितलं. "नाही येत."

त्यानंतर परतीच्या वाटेवर वहिनी माझ्याशी फार मायेने वागली. उतरताना तिने मला एक मोठा कॅन भरून पाणी दिलं, प्यायचं. तो घेऊन मी डोंबिवलीपर्यंत गेले.

* * *

धुराचा किस्सा सगळ्यांना आवडतो. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे, धूर जरा पसरवायची कमांड दिली की चाळीस मिनिटं विचार करायचा. आम्ही कमांड द्यायचो आणि डबे उघडायचो.

त्या दिवशी जयंतीशेठ काम बघायला आले. मी कमांड दिलेली, पट्टी हळूहळू पुढे सरकतेय, तोफांच्या तोंडातून करडा धूर वर चढतोय. शेठ माझ्या मागे उभे राहून बघत होते. एकदम खूश झाले.

"वा! केळकरभाई, क्या बात है! धुराचा वासपण येतोय!"

सर अभिमानाने म्हणाले, "अहो, लेटेस्ट टेक्नॉलॉजी."

मग तिघांनी एकदम खाली बघितलं. टेबलाखालचा यूपीएस पेटलेला!

* * *

यूपीएस गेला, आणि जाताना हार्डडिस्कमधलं चित्र घेऊन गेला. अख्खं चित्र एका वेळी कॉम्प्युटरला पेलायचं नाही, म्हणून मी त्याचे दोन तुकडे केलेले. पुढची अर्धी बोट आणि मागची अर्धी बोट. पुढचीची कॉपी फ्लॉपीवर होती, ती वाचली. मागचीची कॉपी करायची मी विसरलेले. छापखान्याची तारीख चार दिवसांवर.

मी जिन्यात जाऊन रडले. खालचे लेथवाले मशीन बंद करून बघायला लागले, म्हणून परत वर आले. सर फोनवर होते. शेठना ते शांतपणे सांगत होते, "नाही शेठ, काही विशेष नाही. आपली बोट जरा... मागून बुडालीय."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "बघू. नाहीतर कुठलातरी फोटो टाकू." तो फोटो टाकला असता तर काकांची पिशवी त्या दिवशीच खुर्चीखालून निघाली असती. हे तिघांनाही माहीत होतं.

काका उठले. ड्रॉइंग बोर्ड परत आडवा टाकला. "पुढची बाजू हाय ना? मग मागची तिच्या मापानं काढतो. तू फक्त बटनं दाब."

चार दिवस आम्ही तसेच बसलो. ते हात फिरवायचे, मी बटणं दाबायचे. ते "पुस" म्हणायच्या आधी मी पुसलेलं असायचं. दर दहा मिनिटांनी काका स्वतःहून म्हणायचे, "सेव!" आमच्याकडे तो शब्द अजून आहे. जेवताना कोणी शेव मागितली तरी सर दचकतात.

शेठच्या ओरखड्याचा प्रश्नही तेव्हाच सुटला. काकांनी शत्रूचा गोळा बोटीला न लावता बाजूला पाण्यात पाडला. समुद्राला रंगाची गॅरंटी नव्हती!

* * *

छापायच्या आदल्या दिवशी सरांना धास्ती वाटली. आपल्यापैकी कोणी युद्धनौका जवळून बघितलेली नाही, एखाद्या जाणकाराला दाखवायला पाहिजे. वर्तकनगरमध्ये त्यांच्या बिल्डिंगमध्ये सावंत म्हणून नौदलातून रिटायर झालेले गृहस्थ होते. सर त्यांना स्कूटरवर घेऊन आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ताठ पाठ. खुर्चीत बसले आणि दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले.

"लढाई चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो हो," सर म्हणाले.

"मग झेंडा पांढरा का? ही बोट शरण गेलीय."

देश ठरला नव्हता, म्हणून मी झेंड्यात रंगच भरला नव्हता! घाईघाईने तो निळा केला. वर शेठचा ट्रेडमार्क टाकला.

"अजून काही चूक, सावंतसाहेब?"

"ते मला नाही सांगता येणार. माझी सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. समुद्रात असताना बोट बाहेरून कशी दिसते, ते मी आजच बघतोय."

सर जरा हिरमुसले. काकांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "मग लढाईच्या टायमाला तुम्ही काय बघितलंत?"

"एक काटा," सावंत म्हणाले. "मीटरचा. तो लाल खुणेच्या पुढे जाऊ द्यायचा नव्हता."

"मग?"

"नाही जाऊ दिला."

काका उठले आणि स्वतः खाली जाऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. आमच्याकडे चहा आणायला काका कधीच उठत नसत.

* * *

छापलेलं पहिलं कॅलेंडर घेऊन आम्ही तिघं शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. बोटीच्या पुढच्या टोकापासून सुरुवात केली आणि इंच इंच बघत मागे सरकले. मागच्या अर्ध्या भागावर आल्यावर मी डोळे मिटले.

"केळकरभाई! हे काय? गंज?"

खरंच, तपकिरी ठिपका. ऐन बोटीच्या अंगावर. सरांचा चेहरा पडला. काका पुढे झाले, वाकून बघितलं आणि करंगळीने ठिपका पुसून टाकला.

"शेठ, तुमच्या चहाचा थेंब हाय. आपल्या रंगाला काय नाय होत. गॅरंटी हाय!"

शेठ इतके हसले की बाहेरचा अकाउंटंट आत डोकावला. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर त्यांनी तिथेच सांगून टाकलं आणि काकांकडे भिंग रोखून सरांना म्हणाले, "या माणसाला सोडू नका."

"सोडतोय कुठे!" सर म्हणाले, आणि घाईघाईने म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा खुर्चीखालची पिशवी रिकामी होती. ब्रश खिडकीतल्या बरणीत उभे होते.

* * *

सगळ्यात शेवटी मी हा सांगते.

काकांनी एक कॅलेंडर घरी नेलं. त्यांची आई तेव्हा ऐंशीच्या पुढची, एका डोळ्याने जेमतेम दिसायचं. नवरा, दीर, मुलगे, सगळ्यांना तिने आयुष्यभर पाण्यावर पाठवलेलं. तिने कॅलेंडर उजेडात नेलं, नाकाला लावलं आणि सगळं चित्र बोटाने चाचपून बघितलं.

"बोट मोठी हाय," म्हणाली. "पन मानूस एक पन नाय. मानसं कुठं गेली?"

एवढी मोठी बोट, आणि माणूस काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. ना मला, ना सरांना, ना सावंतांना, ना भिंगवाल्या शेठना. काकांनी सुचेल ते सांगितलं, "आत जेवाया बसलीत, आये."

म्हातारीने पुन्हा कॅलेंडर नाकाला लावलं.

"मग तोफा कोन मारतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स ठेवायच्या आत काका म्हणाले, "ती बोट उघड गो."

"काका, छापून झालंय! शेठनी वाटलीपण असतील."

"तू उघड."

मी उघडली. त्यांनी बोर्ड आडवा टाकला नाही. खुर्चीत बसले, माउस मनगटानेच धरला, आणि पहिल्या तोफेपाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस काढला. टोपी घातली. मग त्याच्या बाजूला अजून एक, हात पुढे केलेला.

"हा तोफ मारतोय," मी म्हटलं. "आणि हा दुसरा?"

"यो त्याला जेवाया बोलवाया आलाय."