बारा मिलिमीटरचा अर्ज

नव्या इंटरनेट कंपनीचा माणूस आमच्या रस्त्यावर घरोघरी फायबरच्या ट्रायलचे फॉर्म देत फिरला, तेव्हा शेजाऱ्यांनी ते गेटवर उभ्याउभ्याच भरून दिले. महिनाभर फुकट वापरायचं, पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर कंपनी तार काढून नेणार. मी मात्र बुधवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

मी भिलाईच्या प्लांटमध्ये सव्वीस वर्षं तपासणीचं काम करतो आहे. आमच्याकडे ट्रायल म्हणजे आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग आणि खाली सही. आधीचं रीडिंगच नसेल तर नंतरचं कशाशी ताडून पाहायचं? म्हणून दोन दिवस मी मोबाइलच्या नेटचा वेग सकाळ, दुपार, संध्याकाळ, घरातल्या चार जागी मोजला. हॉलमध्ये सकाळी अकरा एमबीपीएस आला, दुपारी चार. स्वयंपाकघरात सगळे आकडे दशांशचिन्हाच्या उजवीकडेच राहिले.

हे आकडे मुलीला नवे नव्हते. ती पुण्याच्या ऑफिसातून आठवडाभराच्या सुट्टीवर आली होती, तरी मीटिंगा सुटत नव्हत्या, आणि दोनदा ती स्क्रीनवर साहेबांसमोर अर्धं तोंड उघडं ठेवून गोठली होती. घरची लाइन ऑफिसच्या चाचणीत पास झाली तर तिला तीन महिने घरूनच काम करता येणार होतं. चाचणी शुक्रवारी होती. नापास झाली तर सोमवारची गाडी.

आणि तिच्या थांबण्यावर तिच्या आईचे डोळे अडले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकलत आणलेलं, कारण नंतर दिवसातून सहा वेळा औषध घालायला घरात कुणीतरी हवं, आणि माझी शिफ्ट ड्यूटी. सुट्टी काढतो म्हणालो, तर बायको म्हणाली, "तुमी थेंब मोजत बसाल, तवरिक डोळा वाळून जाईन."

आकडे स्पष्ट होते. मंगळवारी सही करायला बसलो आणि कलम नऊवर थांबलो. तार आत घेण्यासाठी भिंतीला बारा मिलिमीटरचं भोक पाडण्यास घरमालकाची संमती आहे, असं तिथे छापलं होतं. घरमालक मी नव्हतोच. क्वार्टर प्लांटचं. शेजारचे म्हणाले, भाऊ, आमच्या भिंतीची तर चाळणी झाली आहे, आजवर कुणी मोजायला आलं नाही. पण त्यांनी सही केली म्हणून भिंत त्यांची होत नाही.

मी टाउनशिपच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो. बाबूने तो दोनदा वाचला. "साहब, छेद का कोई फॉर्म नहीं है," तो म्हणाला. वाढीव बांधकामाचा होता, पण त्याला नकाशा लागत होता. मी तिथेच बाकावर बसून नकाशा काढला. भोक मूळ मापातच दाखवलं, त्यामुळे स्केलचा प्रश्न आला नाही. बाबूने शेजारच्या टेबलावरच्या दोघांना तो दाखवला, आवक नंबर घातला आणि पंधरा दिवसांनी या म्हणाला.

घरी येऊन मी हे सांगितलं. मुलगी आत गेली आणि बॅग पलंगावर काढून ठेवली. बायको भाजी निवडत होती. चष्मा कपाळावर सरकवून, भाजी डोळ्यांपाशी नेऊन निवडायची तिची रीत झाली होती.

"कूलर बसवाले खिडकीचा काच काढला, तवा कोन्ता अर्ज देला होता?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, काच पेपरात गुंडाळून अलमारीवर ठेवली आहे, दरवर्षी जुलैत परत बसते, ते भिंतीचं नुकसान धरत नाहीत.

"मंग तार त्याच खिडकीतून घ्या ना. तार हाय का पाण्याचा नळ?"

तारेची जाडी मी विचारलीच नव्हती. सव्वीस वर्षांच्या तपासणीत न केलेली चूक घरात केली. कंपनीच्या माणसाला फोन केला. तार तीन मिलिमीटर. कूलरच्या कडेला लावलेल्या प्लायवूडच्या फटीत माझी स्टीलपट्टी घातली, फट सात भरली.

बुधवारी मी कलम नऊ खोडलं, बाजूला "खिडकीतून" असं लिहिलं आणि खाडाखोडीवर वेगळी सही केली. त्या माणसाने इतर कलमंही वाचायला सुरुवात केली. बहुतेक पहिल्यांदाच.

शुक्रवारी नव्या लाइनवर चाचणी चालू असताना आम्ही दोघं दाराबाहेर उभे होतो. मुलगी सलग चाळीस मिनिटं बोलली, एकदाही गोठली नाही. मग दार उघडून म्हणाली, "बाबा, हो म्हणाले. तीन महिने पक्के."

बायकोने हात पुसले आणि स्वतःच दवाखान्यात फोन लावला. कोणता डोळा आधी करायचा, असं तिकडून विचारलं असावं.

"जो तुमाले सोयीचा पडन तो," ती म्हणाली. "पोरगी आता घरीच हाय."